बोट सुटली नाही, म्हणजे देवानं नाकारलं का?

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. आज दिवसभर पऱ्हाटी उपटताना तोच डोक्यात होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून यांच्या आई बासष्टाव्या वर्षी गंगासागरला निघाल्या. तीन वर्षं कापसाच्या चुकाऱ्यातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. संक्रांतीच्या दोन दिवस आधी सगळा जथा बंगालमधल्या काकद्वीपला पोचला. गंगासागरच्या बेटावर जायची बोट तिथूनच मिळते. तिथं धुकं, ओहोटी आणि गर्दी अशी तिन्ही बाजूंनी कोंडी झाली. दोन रात्री घाटावर काढल्या, आणि हावड्याहून परतीचं रिझर्वेशन असल्यानं पाणी न ओलांडताच सगळे माघारी आले. त्याला आता महिना झाला. आई हरिपाठाला जात नाहीत. घाटावर भरून आणलेली पाण्याची बाटली कपाटात आहे, त्यातलं थेंबभर पाणी तुळशीलाही घालू देत नाहीत. गावातल्या बायका म्हणतात, "देवाचं बोलावणं नोतं बाई." आणि तुम्ही विचारता, अशा वेळी देवावर भरवसा ठेवायचा तो कसा, आणि आईला पुन्हा न्यावं की नाही.

मी वर्धा जिल्ह्यातला शेतकरी. १९९६ पासून आसपासच्या गावांतली माणसं यात्रेला नेतो. काशी-प्रयाग, रामेश्वर, द्वारका, पुरी, कन्याकुमारी हे नेहमीचंच. गंगासागर सहा वेळा. त्या सहांपैकी दोनदा मीही काकद्वीपच्या घाटावरून तोंड फिरवून परत आलोय. मी कीर्तनकार नाही, शास्त्रीही नाही. चाळीस माणसांच्या पिशव्या, गोळ्यांचे डबे आणि रुसवेफुगवे सांभाळताना जे कळलं तेवढंच सांगू शकतो.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. आई म्हणाल्या, "त्यांना घेऊन जाता आलं नाही, आता त्यांच्या नावानंही जाता आलं नाही." वडील चार वर्षांपूर्वी गेले आणि गंगासागरचा बेत दोघांचा मिळून होता, हेही तिथंच एका वाक्यात येऊन जातं. भाऊ, मला वाटतं गाठ इथं आहे. आईंचा देवावरचा भरवसा उडालेला नाही. देव आहे आणि तो आपल्यावर नाराज आहे, असं त्यांनी पक्कं धरलंय. यात नवऱ्याचं राहिलेलं काम आहे, आणि वरून गावानं निकाल लावून टाकलाय. त्यामुळे 'देवावर भरवसा ठेव' असं त्यांना सांगून काही होणार नाही. तो ठेवलाय म्हणूनच तर एवढं दुखतंय.

आधी त्या 'बोलावण्या'बद्दल. देवाचं बोलावणं आल्याशिवाय जाणं होत नाही, हे निघताना म्हणायला गोड आहे. माणूस जरा नमून निघतो, पैशाचा तोरा राहत नाही. पण तेच वाक्य माघारी आलेल्याच्या तोंडावर टाकलं की चाबूक होतो. ज्या बायका हे बोलतात त्यांना एवढंच विचारा, की २०२० आणि २०२१ ला पायी वारी झाली नाही, पालख्या एसटीत बसून पंढरपूरला गेल्या, तेव्हा विठ्ठलानं अख्ख्या महाराष्ट्राला नाकारलं होतं का? आपल्याच भागातली दुसरी गोष्ट सांगतो, जिवावर येतं तरी. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूडजवळ झुंजला वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच कुटुंबातली अकरा माणसं गेली. घरातल्या दशक्रियेसाठी आलेली माणसं होती ती. त्यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची कुणाची जीभ रेटेल? पाण्यावर काय होतं त्यावरून देवाचा राग-लोभ मोजायला गेलं, की शेवटी असं काहीतरी बोलावं लागतं जे बोलवत नाही.

आता बोट का सुटली नाही ते नीट समजून घ्या आणि आईंनाही समजावून सांगा. आपण नदीची माणसं. आपल्याकडं पाणी एकाच दिशेला जातं. पूर आला तर दोन दिवस थांबायचं, उतरला की पलीकडं जायचं. तिकडं तसं नाही. काकद्वीपजवळच्या लॉट नंबर आठच्या घाटावरून पलीकडं कचुबेरियाला जायचं, तिथून पुढं सागर बेटावर तीसेक किलोमीटर गाडीनं गेलं की कपिलमुनींचं देऊळ. मधलं पाणी मुरीगंगेचं. हुगळीचाच तो फाटा, पण समुद्र जवळ असल्यानं दिवसातून दोनदा भरती चढते आणि दोनदा ओहोटी लागते. त्या पात्रात गाळ अतोनात. ओहोटीत पाणी इतकं उतरतं की माणसांनी भरलेली बोट गाळात रुतून बसेल, म्हणून काही तास फेऱ्या बंदच ठेवतात. या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकतात. काल सकाळी आठला बोट मिळाली म्हणून आजही आठला मिळेल, हा हिशेब तिथं चालत नाही.

त्यात जानेवारीतलं धुकं. आपल्याकडं तुरीवर धुवारी पडते ती आई बघतच आल्यात. रात्री आभाळ मोकळं, वारा पडलेला, खाली ओल असली की सकाळी बांधावरचं झाड दिसत नाही. तिथं तर खाली नुसतं पाणीच. धुवारीनं तुरीचा फुलोरा गळाला तर आपण हळहळतो, पण देवानं शेत नाकारलं असं कुणी म्हणतं का? मग त्याच धुवारीनं बोट थांबली तर तो कौल कसा झाला?

म्हणजे सकाळी पाणी होतं तेव्हा धुकं होतं, धुकं विरलं तेव्हा ओहोटी लागली, पुन्हा पाणी चढलं तेव्हा पुढं हजारोंची रांग होती. मी माघारी आलो त्या दोन्ही वेळा अगदी असंच झालं.

इथं माझी एक चूक सांगतो. गावात मी ती फारशी सांगत नाही.

२००३ ची गोष्ट. ओख्याहून बेट द्वारकेला जायचं होतं. आता तिथं सुदर्शन सेतू झालाय, फेब्रुवारी २०२४ पासून गाडी थेट बेटावर जाते. तेव्हा नाव हाच रस्ता. माझ्यासोबत चव्वेचाळीस माणसं. नाववाला म्हणत होता दोन फेऱ्यांत नेतो. संध्याकाळची गाडी गाठायची होती, म्हणून मी हुज्जत घालून सगळ्यांना एकाच नावेत बसवायला लावलं, तीही आधीच भरत आलेली. मध्यावर इंजिन बंद पडलं. नाव आडवी झाली, लाटा काठावरून आत. बायकांनी द्वारकाधीशाचा धावा सुरू केला, कुणी गजानन महाराजांना हाक मारली. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरी नाव आली, दोर टाकला आणि ओढत नेलं. गावी आल्यावर ती गोष्ट चमत्कार म्हणून फिरली. महाराजांच्या नर्मदेतल्या नावेची गोष्ट आपल्याकडं पोरासोरांना पाठ असते, लोक ती जोडून सांगायला लागले. मी गप्प बसलो. माझी हाव आणि घाई देवाच्या कृपेखाली झाकली जात होती, ते मला सोयीचं होतं.

पुढं कधीतरी पारायणात बसलो असताना लक्षात आलं, की त्या गोष्टीत महाराज स्वतः नावेत बसलेले आहेत आणि तरी नावेला भोक पडतंच. देव सोबत असला की वाटेत विघ्न येत नाही, असं ती गोष्ट कुठंच सांगत नाही. पुढं नर्मदा धावून येते हा भाग आपण डोळे पुसत ऐकतो. आधी भोक पडलं हा भाग कानाआड जातो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. नाववाला 'नाही' म्हणाला, की तो देवाचा शब्द समजून मागं फिरायचं. त्याच्याशी हुज्जत नाही, जास्तीचे पैसे नाहीत, आणि 'आमची म्हातारी माणसं आहेत हो' अशी गळही नाही. माझ्यापुरता भरवसा म्हणजे हाच. समुद्र ज्याला कळतो त्याच्या तोंडून 'नाही' आलं की ते ऐकायचं.

तुमच्या गटप्रमुखाला गाव शिव्या देतं असं तुम्ही लिहिलंय. देऊ नका. वयस्क माणसं, त्यात साखरेचे आणि बीपीचे रुग्ण, थंडीत उघड्यावर दोन रात्री. अशात माघारी फिरायला छाती लागते. परतीचं तिकीट इतकं घट्ट काढलं ही त्याची चूक. पण ती घरून निघतानाची, घाटावरची नव्हे.

माघारी येण्याबद्दल मला खरं शिकवलं ते कन्याकुमारीला. समुद्र खवळलेला, समुद्रातल्या खडकावरच्या विवेकानंद शिलास्मारकाच्या बोटी बंद. (ते स्मारक १९७० साली उभं राहिलं त्यामागचे एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. रेल्वेनं जाताना टिमटाळा स्टेशन लागलं की मी लोकांना मुद्दाम सांगतो.) दोन दिवस थांबलो, बोट काही सुटली नाही. मी तोंड पाडून किनाऱ्यावर बसलो, आता लोक पैसे परत मागतात की काय या काळजीत. जथ्यात सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांनी किनाऱ्यावरूनच खडकाकडं बघून हात जोडले, कपाळ वाळूला टेकवलं आणि मला म्हणाल्या, "काऊन एवढं मनाले लावून घेतं बापू? आषाढीले आपण कळसालेच हात जोडून येतो न? मंग हे काय वायलं हाय?"

मी थक्क झालो. पंधरा दिवस चालून गेलेला वारकरी दर्शनाची रांग झेपली नाही तर चंद्रभागेत आंघोळ करतो, नामदेव पायरीला हात लावतो, कळस बघतो आणि परत फिरतो. त्याची वारी फुकट गेली असं आपल्याकडं कुणी म्हणत नाही. ही सोय आपल्याच माणसांनी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या गर्दीतून आणि पावसातून काढलेली. पंढरपूरला चालते, मग घराबाहेर दीड हजार किलोमीटरवर गेल्यावर आपण ती का विसरतो कोण जाणे.

आणि गंगासागरची तर मूळ गोष्टच खोळंब्याची आहे. आईंना ती माहीत असणार, फक्त मधला भाग आठवून द्या. सगर राजाचे साठ हजार मुलगे कपिलमुनींच्या कोपानं भस्म झाले. त्यांना गंगेचं पाणी लागावं म्हणून नातवानं, अंशुमानानं, तप केलं. जमलं नाही, तो तसाच गेला. त्याचा मुलगा दिलीप, त्यालाही जमलं नाही, तोही गेला. मग दिलीपाच्या मुलाच्या, भगीरथाच्या हातून गंगा खाली आली. आपण भगीरथाचं नाव घेतो, पण अंशुमान आणि दिलीप नाकारलेले होते असं कुठल्याच पुराणिकानं सांगितलेलं मी ऐकलं नाही. बापाचं राहिलेलं काम पोरानं करायचं, ही त्या जागेची रीतच दिसते. तुमच्या घरात आधी वडील होते, मग आई निघाल्या, आणि आता हा प्रश्न तुम्ही विचारताय.

एवढंच कशाला, कपिलमुनींचं देऊळसुद्धा तिथं एका जागी टिकलेलं नाही. समुद्र किनारा खात येतो. आधीची देवळं पाण्यात गेली, आताचं मागं सरकून बांधलेलं आहे. देवालाही तिथं माघार घ्यावी लागली. आईंना हे ऐकून हसू येईल असं मला आपलं वाटतं.

आता जे परिस्थिती बघून ठरवायचं ते. आई जेवतात का, झोपतात का, हे तुम्ही लिहिलं नाही. महिनाभर जेवण तुटलंय, रात्र-रात्र जागतात, 'मी आता कशाला जगू' असं काही बोलतात, असं असेल तर हे यात्रेचं दुखणं नव्हे. आज-उद्याच सरकारी दवाखान्यात न्या, किंवा टेलिमानस या मनाच्या आजारासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ नंबरवर फोन लावा, मराठीत बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि देवावरचा भरवसा त्यानं कमी होत नाही. जेवणखाण ठीक असेल, नुसता अबोला आणि हरिपाठ बंद एवढंच असेल, तर वेळ द्या. चारचौघात समजूत घालू नका. एखाद्या दुपारी दोघंच कापूस वेचायला किंवा भाजी निवडायला बसा आणि वडिलांबद्दल बोलू द्या. देवाचा विषय तुम्ही काढूच नका, त्या काढतील.

पैशाचंही तसंच. पुन्हा जायला कर्ज काढावं लागणार असेल तर यंदा नाही. आपल्याकडं दुबार पेरणीनं घरं बसलेली मी बघितलीत. पहिलं बियाणं मोडलं म्हणून दुसऱ्या दिवशी सावकाराकडं धावायचं नसतं. पुरेशी ओल झाली की मगच पेरायचं, तसंच हे.

आणि ती बाटली. माझ्या मते तुमचा अर्धा प्रश्न तिच्यातच आहे. आईंना वाटतं ते पाणी अर्धवट आहे, सागराचं नाही. पण मुरीगंगा म्हणजे गंगाच, आणि वर सांगितलं तसं समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा तिथवर चढतं. म्हणून तर तिथलं पाणी मचूळ असतं. (चव घेऊन बघू नका, गर्दीच्या घाटावरचं आहे.) तुमच्या आई सागरापर्यंत पोचल्या नाहीत हे खरं, पण सागर त्या घाटापर्यंत येऊन गेला होता. त्या बाटलीत दोन्ही आहेत. तुळशीला मात्र घालू नका हे आईंचं बरोबरच आहे, मचूळ पाण्यानं रोप मरेल. वडिलांच्या तिथीला त्यांच्या नावानं तर्पण करताना वापरा.

मावंदं, म्हणजे यात्रेहून आल्यावरचं जेवण, घालावं का, याची रीत गावोगाव वेगळी. काही गुरुजी म्हणतात प्रत्यक्ष स्नान झालं पाहिजे, काही म्हणतात संकल्प करून निघाला आणि गंगा लागली तर चालतं. तुमच्या गुरुजींना विचारा, पण आई समोर नसताना विचारा. त्यांनी 'नाही' म्हटलं तर मावंदं हे नाव न देता वडिलांच्या नावानं पाच-पंचवीस पानं वाढा. वरण, पोळी, आलुवांग्याची भाजी, बुंदी. ज्या बायका 'बोलावणं नोतं' म्हणाल्या त्यांना आधी बोलवा. वाढायला आईंनाच लावा.

पुन्हा न्यायचं का? आई स्वतः म्हणाल्या तर न्या, तुम्ही सुचवू नका. आणि मेळ्यात नेऊ नका. देऊळ बारा महिने उघडं असतं. फेब्रुवारीच्या शेवटी गेलात तर धुकं कमी, गर्दी जवळजवळ नाही, उन्हाचा त्रास अजून सुरू झालेला नसतो. संक्रांतीचंच स्नान हवं असा आईंचा आग्रह असेल तर मात्र माझं काही चालणार नाही. मग निदान परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा. मी माझ्या यात्रेत माणशी खर्च ठरवतानाच एक जास्तीचा मुक्काम धरतो आणि पावतीवर लिहून देतो, की घाटापर्यंत नेणं माझ्याकडं, पाणी ओलांडणं पाण्यावर. पहिल्या वर्षी लोक कुरकुरले, आता कुणी विचारतही नाही. तो जास्तीचा दिवस लागला नाही तर कोलकात्यात कालीघाट दाखवतो, बायका खूश असतात.

घाटावर पोचल्यावर रांगेत लागण्याआधी तिकीटखिडकीवर ओहोटीची वेळ विचारायची. तिथं भरतीला 'जोआर' म्हणतात आणि ओहोटीला 'भाटा'. आईंना हे दोन शब्द आत्ताच शिकवून ठेवा; हिंदी येत नसली तरी घाटावर त्यांचं अडणार नाही.